शिडाची म्हैस

"पोहता येतं का तुम्हाला?"

भोकरदनला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा होता. गाव कोणतं, नोकरी कुठं, माणसं किती, यातलं काही विचारायच्या आधी. मी जमीनमोजणीच्या खात्यात, नुकताच बदलून आलेलो. घरचे सगळे जाफराबादकडच्या खेड्यात, त्यामुळे एकट्यापुरती जागा हवी होती, आणि आठ दिवस लॉजमधल्या ढेकणांना रक्त पाजून मी अगदी टेकीला आलो होतो. मी म्हणालो, "येतं की."

ते साफ खोटं होतं. मी पाण्याला भितो. सहा-सात वर्षांचा असताना चुलत्यानं पाठीला रिकामा डबा बांधून मला विहिरीत सोडलं होतं. आमच्याकडची पोरं उन्हाळ्यात अशीच पोहायला शिकतात. बाकीच्यांचे डबे पाठीवर राहिले, माझ्या डब्याची दोरी सुटली. चुलता अजून म्हणतो की तू मिनिटभरसुद्धा खाली नव्हतास. असेल. पण त्या मिनिटातून मी अजून पुरता वर आलेलो नाही. आजही मी डोक्यावरून तांब्या घेत नाही. ओल्या हातानं तोंड पुसतो आणि त्याला अंघोळ म्हणतो.

माझं "येतं की" ऐकून घरमालक माझ्या तोंडाकडे बघतील असं वाटलं होतं. ते बघत होते माझ्या पायांकडे. चपला दाराबाहेर काढलेल्या, मी शहाबादी फरशीवर अनवाणी उभा. क्षणभर बघितलं, "बराबर," म्हणाले आणि किल्ली हातात ठेवली.

प्रश्नाचा अर्थ सामान लावून झाल्यावर कळला. माझ्या खोलीच्या मागच्या दारापासून दहा पावलांवर आड होता. कठडा गुडघ्याएवढा, पाणी काळं, आणि दगड टाकला तर आवाज यायला वेळ लागत होता. काकू, म्हणजे घरमालकांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दिवाळीला नातवंडं येतात, भाऊ. कुणी घसरलं-बिसरलं तर घरात पोहणारा माणूस असावा म्हणून हे सगळ्यांना विचारतात. आता तुम्ही आलात, माझी काळजी मिटली."

त्यांची मिटली आणि माझी सुरू झाली. आडात बादली आपटली की मी खाटेवरून उठून उभा राहायचो. पहिल्याच बाजारी मी साठ फूट दोर आणला, त्याच्या टोकाला मोटारसायकलची जुनी ट्यूब बांधली आणि दारामागच्या खुंटीला टांगून ठेवला. घरमालकांनी विचारलं तेव्हा कपडे वाळत घालायला आणलाय म्हणून सांगितलं. एका खोट्याच्या पाठीवर दुसरं. दिवाळीला नातवंडं यायच्या आदल्या दिवशीच मी रजा टाकून गावी पळायचो.

घरमालकांना सगळं गाव डॉक्टर म्हणायचं. ते गुरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. दवाखान्याच्या पाटीवर नाव नेहमी दुसऱ्याच कुणाचं असायचं, पण तालुक्यातली जनावरं यांनाच ओळखायची. उंच, काटकुळे, अंगाला कायम फिनेलचा वास. माणसांकडे बघायची त्यांची रीत जनावरांकडे बघण्याचीच होती. कुणी नवा माणूस भेटून गेला की त्याच्या बोलण्याबद्दल एक अक्षर नाही. "डावा खुर झिजलाय त्याचा," म्हणायचे, किंवा "रवंथ बराबर न्हाई, झोप लागत नसंल." काकूंच्या भावाला ते वर्षानुवर्षं "चांगला हाय, पण खुट्याला बांधला की उपटतो" एवढंच म्हणत आले. तो माणूस तीन नोकऱ्या सोडून चौथीत होता, त्यामुळे काकूंना काही बोलता यायचं नाही.

आणि हा माणूस भित्रा होता. मी भित्रा आहे तो लपूनछपून. ते उघड भित्रे होते, आणि त्यांना त्याची तिळभर लाज नव्हती. लांब कुठं गडगडलं की घरातलं मेन स्विच बंद. गॅसची टाकी झोपताना बंद करायचे, मग काकूंना बघायला सांगायचे, मग मला. काळीपिवळी जीपमध्ये बसले तरी डोक्यावर हेल्मेट. जीपवाले हसायचे. डॉक्टर हेल्मेटची काच वर करून म्हणायचे, "हसा. भित्रं जनावर जास्त जगतं."

त्यांचं हे वाक्य तालुक्यात प्रसिद्ध होतं, आणि त्याच्यामागं केदारखेड्याचा वळू होता. ती गोष्ट मला चार जणांनी चार तऱ्हेनं सांगितली, पण मुद्दा सगळ्यांचा एक. वळू बिथरलेला, दोन माणसं आडवी केलेली, गाव काठ्या घेऊन उभं. डॉक्टर आले आणि गोठ्याच्या भिंतीवर चढून बसले. खाली उतरेनात. दुपार गेली, ऊन कललं. लोक टिंगल करायला लागले, कुणी शिट्ट्या मारल्या. डॉक्टर म्हणाले, "तो बी भ्यालेला हाय आन मी बी भ्यालेलो हाय. दोघांतल्या कुणाला तरी आधी सुचू द्या." सूर्य मावळायच्या सुमाराला वळूचे कान पडले. डॉक्टर खाली उतरले, सुई टोचली आणि त्याच पावली कुंपणाबाहेर आले. त्यांचं म्हणणं असं की भीती जनावराच्या कानात दिसते आणि माणसाच्या पायाच्या अंगठ्यात. तोंडाला खोटं बोलता येतं, अंगठ्याला येत नाही. मी हे पुष्कळदा ऐकलं आणि दर वेळी हसलो. माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

अशा माणसानं एका सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं की मला शिडाची होडी घ्यायची आहे.

काकूंनी कपबशी खाली ठेवली. "कशाला?"

"सहज."

आमच्याकडं सहज कुणी काही करत नाही. गाय घेतली तर दुधाला, मोटार घेतली तर भाड्याला, मंदिरात गेला तर नवस फेडायला. त्यामुळे डॉक्टर होडी बघून राह्यले ही बातमी फुटली तेव्हा गावानं आपापल्या परीनं कारणं शोधली. कुणी म्हणालं तलावाचा मासेमारीचा ठेका घेताहेत, कुणी म्हणालं वाळू. एकानं तर त्यांना म्हातारपणी परदेशी मुलाकडं जलमार्गानं पाठवलं. डॉक्टरांना परदेशी मुलगा नव्हता. दोन मुली होत्या, एक जालन्याला आणि एक संभाजीनगरला, दोघीही बसनं जाता येईल इतक्या अंतरावर.

मला मात्र त्यांनी खरं सांगितलं. आडाच्या कठड्यापाशी बसले होते, म्हणजे मी लांब उभा होतो आणि ते कठड्यापासून हातभर अंतरावर खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "मोजणीसाहेब, सगळ्या भीत्या म्या वापरल्या. विजेची वापरली, जनावराची वापरली, त्यायनं मला जगवलं. पाण्याची तशीच पडून हाय. तिला एकदा पाण्यात घालून बघायचंय. मरताना कोरीच्या कोरी न्यायची न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "तुमच्यासारखा पोहणारा सोबत हाय म्हणून हिंमत करून राह्यलो."

त्याच क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. खोली जाईल याची भीती होती, पण त्याहून मोठी भीती ही की हा माणूस माझ्याकडे बघून राहील आणि काही बोलणार नाही. मी म्हणालो, "जाऊ की."

वर्षभर त्यांचं होड्या बघणं चाललं. मोबाइलवर व्हिडिओ लावायचे, चष्मा कपाळावर चढवून अगदी जवळून बघायचे आणि मला हाका मारायचे. हळूहळू त्यांचे नियम ठरले. शीड एकच पाहिजे, दोन शिडं म्हणजे दोन बायका. डोलकाठी एका माणसाला उचलून खोचता आली पाहिजे. बूड रुंद पाहिजे. पिकअपमध्ये मावली पाहिजे. आणि उलटली, पाणी भरलं, तरी तळाला जाता कामा नये. हा शेवटचा नियम त्यांनी बराच उशिरा घातला आणि तो घालताना माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहत होतो.

होड्या आमच्या भागात कुठं मिळणार. नाशिककडच्या एका धरणावर एक माणूस जुन्या होड्या दुरुस्त करून विकतो असं कळलं. आम्ही पहाटेच्या बसनं निघालो. डॉक्टरांच्या अंगात पांढरा सदरा आणि खांद्यावर उपरणं, बैलबाजाराला निघाल्यासारखे. मी विचारलं नाही. तिथं पोचल्यावर कळलं की ते खरंच बैलबाजारालाच निघाले होते.

काठावर तीन होड्या मांडलेल्या. पहिली लाकडी, दोन शिडांची, देखणी, पण तिच्या अंगावर इतक्या दोऱ्या की डॉक्टरांनी लांबूनच हात जोडले. दुसरी लाल. अरुंद, हलकी, नाक वर काढलेली. तिसरी हिरव्या प्लास्टिकची, उन्हानं रंग उडालेली, बसकी आणि रुंद, नाक जवळजवळ नव्हतंच.

डॉक्टर लाल होडीपाशी गेले आणि तिथंच राहिले. चार फेऱ्या मारल्या. बोटांच्या पेरांनी तिची कूस वाजवली, कान लावला. मागचं सुकाणू शेपटी उचलावी तसं उचलून पाहिलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला तो फिरवतच राहिले. मी त्यांना इतकं प्रेमानं कुणाकडे बघताना पाहिलं नव्हतं, काकूंकडेसुद्धा नाही.

"मारकी हाय का?" त्यांनी विकणाऱ्याला विचारलं.

तो तिकडचा, गोंधळला. "म्हणजे?"

"पाठीवरून फेकते का?"

"हां. वारा जास्त झाला की फेकते थोडी," तो म्हणाला. "पण पोहता येणाऱ्याला काय, पुन्हा चढायचं. मजा तीच आहे. तुम्हा दोघांना येतं ना?"

"ह्यांना येतं," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "बसून बघा साहेब."

होडी घोटाभर पाण्यात होती. मी बसलो. खाली वाळू दिसत होती, शंख दिसत होते, एक चपलेचा तुकडा दिसत होता. उभं राहिलो असतो तर गुडघासुद्धा भिजला नसता. तरी ती माझ्याखाली हलली आणि मला विहिरीतला तो हिरवा अंधार दिसला. मी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरले आणि चेहऱ्यावर हसू आणलं. "छान आहे," म्हणालो. विकणारा हसला. डॉक्टर हसले नाहीत. पाण्यातून माझे पाय दिसत होते, ते तिकडं बघत होते.

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, विकणाऱ्याचा हात त्याच्याखाली घेतला आणि बैलाचा सौदा करतात तशी त्याची बोटं दाबायला लागले. तो बिचारा हात सोडवू बघत होता. मी मध्ये पडून सगळं तोंडी करवलं. तिन्ही होड्यांचे भाव ऐकून होईपर्यंत मी लाल होडीच धरून चाललो होतो. पण डॉक्टरांनी बोट केलं ते हिरव्या होडीकडे.

"ही? ही शिकाऊ लोकांची आहे," विकणारा म्हणाला. "पळत नाही. बुडत पण नाही. आतून पोकळ आणि बंद, पाणी शिरायला जागाच नाही."

"हीच," डॉक्टर म्हणाले. जाता जाता लाल होडीच्या पाठीवर एकदा थाप मारली आणि वळून पाहिलं नाही.

मी सुटलो. परतीच्या बसमध्ये मला इतकं बरं वाटत होतं की मी त्यांची चेष्टा केली. म्हणालो, "डॉक्टर, एवढा बाजार फिरून शेवटी म्हैसच घेतली." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हैस वाईट नसती." मला वाटलं, भित्रा माणूस, भ्याला लाल होडीला. मनातल्या मनात मी त्यांना हसलो, हे लिहून ठेवतो.

विकणाऱ्यानं निघताना एकच गोष्ट तीनतीनदा सांगितली होती. "वाऱ्याचा झोत आला, होडी कलली, की हातातली शिडाची दोरी सोडून द्यायची. बाकी काही नाही कळलं तरी चालेल. दोरी सोडली की शीड मोकळं होतं आणि होडी सरळ उभी राहते. कधी बांधायची नाही, हाताला गुंडाळायची नाही." डॉक्टरांनी ते पाठ केलं. म्हैस परसात लिंबाखाली ठेवली होती. रोज सकाळी आम्ही दोघं पाण्यावर तरंगवणारी नारिंगी जाकिटं चढवून तिच्यात बसायचो. काकू शीड धरून हलवायच्या आणि ओरडायच्या, "झोत आला." डॉक्टर दोरी सोडायचे. शेजारचे लोक गच्चीवरून बघायचे. बाजारात आम्हाला कुणी तरी रोज विचारायचं की म्हैस दूध द्यायला लागली का.

दसरा झाल्यावर म्हैस पिकअपमध्ये घालून जाफराबाद रस्त्याच्या तलावावर नेली. तलावावरच्या चौकीदारानं विचारलं, "मच्छी?" डॉक्टर म्हणाले, "न्हाई." "मंग?" "सहज." त्यानं बराच वेळ विचार केला आणि आम्हाला वेडात काढलं.

पहिल्या दोन खेपा काठाकाठानं झाल्या. मी सुकाणू धरायचो, डॉक्टर दोरी. वारा मंद होता, म्हैस डुलत डुलत जायची. डॉक्टरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ओठ मिटलेले, डोळे मोठे. ते भ्यालेले होते, आणि त्या भीतीत असे रमले होते की मला हेवा वाटला. मी नुसताच भ्यालेलो होतो. घरी आल्यावर काकू म्हणायच्या, "भाऊ आहेत म्हणून मी निवांत असते." मी जेवायचो नाही त्या रात्री.

तिसऱ्या खेपेला आम्ही मधोमध गेलो. पलीकडं एक उघडी टेकडी आहे. तिच्या कडेनं बाहेर आलो आणि झोत आला. आधी पाण्यावर एक काळपट चट्टा सरकत आला, तो मी पाहिला आणि बघतच राहिलो. शीड फाडकन ताणलं. म्हैस कलली.

दोरी सोडायची. सहा आठवडे रोज सकाळी सोडली होती.

डॉक्टरांनी हाताला दोरीचे दोन वेढे दिले, पाय रोवले आणि मागं ओढली. आणि ओरडले, "हो, हो, हो."

बैल उधळले की हेच करतात. कासरा हाताला गुंडाळायचा, अंग मागं टाकायचं, हो म्हणायचं. डॉक्टरांचा बाप हेच करायचा, माझा बापही. आणि मी? मी मोजणीदार, मी साखळी ओढून जमीन मोजणारा माणूस, मला विकणाऱ्याचा शब्द न् शब्द पाठ होता. मी सुकाणू टाकलं, डॉक्टरांच्या बाजूला सरकलो, त्यांच्या हातापुढची दोरी धरली आणि त्यांच्याबरोबर ओढायला लागलो. "हो, हो," मीही म्हणालो. दोन शेतकऱ्यांची पोरं एका शिडाला आवरत होती. जितकं ओढलं तितकी ती कलली. मग ती आडवी झाली आणि पाणी माझ्या तोंडात आलं.

मी खाली गेलो. जाकिटानं वर आणलं असेल, पण मला कळलं ते एवढंच की माझ्या दोन्ही हातांत म्हशीचा काठ आहे. ती कुशीवर पडली होती, अर्धी पाण्याबाहेर, रुंद, आणि बुडत नव्हती. मी काठाला चिकटलो आणि ठरवलं की आता मरेपर्यंत हा सोडायचा नाही.

मग डॉक्टर दिसले. शिडाच्या बाजूला, माझ्यापासून सात-आठ हातांवर. त्यांचं डोकं पाण्याखाली जात होतं आणि वर येत होतं. जाकीट त्यांना वर ओढत होतं आणि एक हात त्यांना खाली ओढत होता. शिडात पाणी भरून डोलकाठी हळूहळू खाली चालली होती आणि दोरी त्यांच्या हाताला तशीच गुंडाळलेली होती. काठी बुडाली की म्हैस पालथी होणार आणि डॉक्टर तिच्याखाली. विकणाऱ्यानं हेही सांगितलं होतं.

मी काठ धरून सरकत गेलो. एक हात पुढं, दुसरा त्याच्याजवळ, मग पुन्हा पहिला पुढं. किती वेळ लागला ते देव जाणे. त्यांच्यापर्यंत पोचलो आणि ओरडलो, "डॉक्टर, सोडा."

"पळंल," ते म्हणाले. त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते. "पळंल ते."

वेढ्यांनी त्यांना धरलेलं नव्हतं, त्यांनीच वेढे धरले होते. मूठ उघडली असती तर दोरी आपसूक निघाली असती. मी एका हातानं त्यांची बोटं उचकटायला लागलो. एक उघडलं की दुसरं मिटायचं. काठी आणखी खाली गेली, ते आणखी खाली गेले. एका हातानं ते होणार नव्हतं. दुसऱ्या हातात माझा काठ होता.

मी काठ सोडला. धीर वगैरे काही आला नव्हता. मी रडत होतो, मोठ्यानं, आईचं नाव घेऊन. दोन्ही हातांनी त्यांची मूठ धरली, अंगठा मागं वाकवला, वेढा काढला, दुसरा काढला. दोरी पाण्यात सळसळत गेली. मला धरायला काहीच नव्हतं. पाणी नाकापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं, जाकिटानं थांबवलं. मग डॉक्टरांनी मोकळ्या हातानं माझ्या जाकिटाचा पट्टा धरला आणि दुसऱ्यानं म्हैस धरली.

शीड मोकळं झालं आणि काठी बुडायची थांबली. आम्ही दोघं तिच्या हिरव्या कुशीला लोंबकळत राहिलो. वारा आम्हाला हळूहळू चौकीदाराच्या बाजूला ढकलत होता. माझे दात वाजत होते. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "मला पोहता येत नाही."

ते खोकले, पाणी थुंकले. "माहीत हाय. म्हणून तर म्हैस घेतली. न्हाईतर लालच आणली असती."

चौकीदारानं दोर फेकून आम्हाला ओढून घेतलं, आणि हे बुडणंही सहजच होतं का म्हणून विचारलं.

पिकअपमध्ये ओल्या कपड्यांनिशी बसलो तेव्हा मी विचारलं, "कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पोहता येतं का म्हणालो आन तुमचे अंगठे फरशीला चिकटले."

"मग खोली कशाला दिली?"

डॉक्टर सदरा पिळत होते. म्हणाले, "केदारखेड्याला एकदा पाह्यलंय म्या. बाई विहिरीत पडली, पोहणारा होता त्यानं धाडकन उडी मारली. दोघं काढले, दोघं बी गेलेले. भिणारा माणूस उडी न्हाई मारत, साहेब. तो आधी दोर शोधतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही तर दोर आणून ठेवल्ता. कपडे वाळत घालायला साठ फूट दोर लागतो का, तो बी ट्यूब बांधून?"

मला राग आला, तो आधी सांगतो. दोन वर्षं त्या आडाशेजारी माझ्या जिवाचं पाणी पाणी होत राहिलं आणि यांना सगळं माहीत होतं. मी तसं म्हणालोसुद्धा. ते म्हणाले, "तुम्ही सांगताल म्हणून थांबलो व्हतो. भिंतीवर बसून." पिकअप खड्ड्यात आदळली आणि त्यांनी पायाशी ठेवलेलं हेल्मेट उचलून डोक्यात घातलं.

त्यानंतरही आम्ही जात राहिलो. दोरी मी धरायला लागलो, ती हाताला न गुंडाळता, नुसत्या बोटांत. दर वेळी भ्यालो. ते कमी झालं असं सांगितलं तर ते तिसरं खोटं होईल. डॉक्टरही भ्यायचे आणि बोलून दाखवायचे. पण ते सोबतीनं भिणं होतं, आणि एकट्यानं भिण्यापेक्षा ते पुष्कळ बरं असतं, हे मला त्या तलावावर कळलं.

माझी जालन्याला बदली झाली आणि पुढच्याच वर्षी डॉक्टर गेले. घरी, अंथरुणात, दुपारच्या झोपेत. काकू म्हणाल्या, मेन स्विच बंद करून झोपले होते, आभाळ आलं होतं म्हणून.

परवा काकूंचा फोन आला. खोलीला भाडेकरू आलाय, तुम्ही येऊन बघा, मला माणूस कळत नाही. मी गेलो. तालुक्याला नव्यानं रुजू झालेली तलाठी होती, पंचविशीतली, बोलायला चटपटीत. मागचं दार उघडं होतं. परसात लिंबाखाली म्हैस पालथी पडलेली, तिच्या पलीकडं आड. दारामागच्या खुंटीवर माझा दोर अजून होता, ट्यूब मात्र नवी होती. कुणी बदलली ते मी विचारलं नाही.

"पोहता येतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"येतं ना सर," ती हसून म्हणाली. "बिलकुल येतं."

मी खाली बघितलं. तिनं चपला बाहेर काढल्या होत्या. दोन्ही पायांचे अंगठे फरशीला घट्ट रोवलेले होते.

काकूंना म्हटलं, किल्ली द्या. आणि तो दोर तिथंच राहू द्या.